सूचना : रविवारच्या कोलेस्टेरॉल तपासणीबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत देवळाच्या सभामंडपात लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर मेदांच्या) तपासणीसाठी रक्ताचे नमुने घेतले जातील. आदल्या रात्री ९ नंतर पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. गेल्या खेपेस दोन सभासद घावणे खाऊन आले आणि त्यांना परत पाठवावे लागले.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारणपणे १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असावे; हृदयविकार असलेल्यांसाठी डॉक्टर याहून कमी मर्यादा ठरवतात.

नारळात कोलेस्टेरॉल नसते, असे आपल्याकडे हमखास सांगितले जाते व ते खरेही आहे. परंतु खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद असतो आणि अशा मेदामुळे यकृत रक्तातील एलडीएल कमी उचलत असल्याने त्याची पातळी वाढते. त्यामुळे नारळ सोडण्याची गरज नसली, तरी रोजच्या आमटीतले वाटप निम्म्यावर आणावे. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात, मात्र रवा लावून तव्यावर तेल सोडत तळलेल्या तुकडीपेक्षा तिरफळ घालून केलेले तिखले केव्हाही बरे.

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी चालू असलेल्यांनी अहवाल चांगला आला म्हणून ती परस्पर बंद करू नये. गोळी घेताना अंग फार दुखत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

येताना जुने अहवाल व चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत चिटणीसांकडे नाव नोंदवावे.

– कार्यकारिणी