आरआरसी निघाली, वसुलीचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. काही कारखाने ऊसबिले थकवतात, साखर आयुक्त आरआरसी (थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करण्याचे प्रमाणपत्र) काढतात, बातमी येते आणि शेतकऱ्याला वाटते, आता पैसे खात्यावर येणार. खरी अडवणूक तिथून पुढे असते. कारखान्याचा अध्यक्ष आमदार असो की माजी मंत्री, कायदा त्याला पुरेसा आहे. हा कायदा कोणत्या टेबलावर थांबतो, हे ऊस घालणाऱ्याने ओळखले पाहिजे.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ च्या कलम ३(३) प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. ५० टनांचे दीड लाख रुपये मुदतीनंतर ६० दिवस अडकले, तर व्याज सुमारे ३,७०० रुपये होते. अर्जात मुद्दल आणि व्याज वेगळे मांडा, नाहीतर व्याजाचा विषय कोणी काढतच नाही.

याच कलमात एक पळवाट आहे: 'वेगळा लेखी करार नसेल तर'. ऊसनोंदीच्या छापील करारात बिल हप्त्याने घेण्याची संमती असेल आणि खाली आपली सही असेल, तर कारखाना १४ दिवसांच्या हक्काविरुद्ध तोच कागद पुढे करतो. एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. एवढे होऊनही आपणच सही करून ती मुभा परत द्यायची का? ते वाक्य खोडून सही करा आणि कराराचा फोटो काढून ठेवा.

तक्रार साखर सहसंचालकांच्या सोलापूर कार्यालयात द्या. सोबत वजनाच्या पावत्या, मिळालेली बिले आणि पासबुकाची प्रत जोडा. गावातील सर्वांचा एकत्र तक्ता केला (नाव, ऊस घातल्याची तारीख, टन, येणे रक्कम) तर अर्जाला वजन येते. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

आरआरसी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथून तहसीलदारांकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १७६ मध्ये मागणीची नोटीस, जंगम व स्थावर मालमत्तेची जप्ती, लिलाव, अगदी थकबाकीदाराची अटकसुद्धा आहे. प्रत्यक्षात अनेकदा कारखान्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि फाइल तिथेच झोपते. गोदामाला सील लागले तरी आतली साखर बँकेकडे तारण असते, त्यामुळे लिलाव अडतो. म्हणून मळी, बगॅस (उसाचे चिपाड), वाहने, भंगार, मोकळी जमीन यांपैकी काय तारणमुक्त आहे, ते शोधून तहसीलदारांना लेखी कळवा. हे काम अधिकाऱ्यांचे आहे हे खरे, पण मालमत्तेची यादी समोर आली की 'जप्त करण्यासारखे काही नाही' हे उत्तर देता येत नाही.

त्यानंतर माहिती अधिकार. तहसील कार्यालयाकडे फक्त एवढेच मागा: आरआरसी मिळाल्याची तारीख, नोटीस, जप्तीचे पंचनामे आणि वसूल रक्कम. एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा पाळा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

कागद हाती आल्यावरही वसुली होत नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना आपले कर्तव्य बजावण्याचा आदेश द्यावा, अशी रिट याचिका करता येते. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. गावाने एकत्र याचिका केली तर खर्चही वाटला जातो.

जिल्हाधिकाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. प्रत्येक आरआरसीची तारीख, रक्कम, जप्त मालमत्ता, लिलावाची तारीख आणि शेतकऱ्यांना वाटलेली रक्कम दर महिन्याला तहसील कार्यालयाच्या फलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा. येत्या हंगामाच्या गाळप परवान्यांआधी ही यादी लागली पाहिजे.

– ऊस उत्पादक शेतकरी, मोहोळ (जि. सोलापूर)