खोक्यावर ४८६ तुकडे, पण त्यात ठोकळे किती?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहतो, वय ६२. मरोळ एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात टूलरूमला ३१ वर्षं काढली, डाय म्हणजे साचा, तो बनवणं आणि बिघडलेली डाय दुरुस्त करणं हेच काम. हे आधी सांगतोय कारण ठोकळ्यांच्या खेळण्याबद्दल लिहितोय आणि वाचणाऱ्याला वाटेल आजोबांचा नातू रडला म्हणून आजोबा पत्र लिहायला बसले. नातू रडला नाही. पण प्लॅस्टिकचा ठोकळा एकमेकात का बसत नाही हे मला हातात घेतल्यावर कळतं आणि ते कळल्यावर गप्प बसवत नाही.

नातू म्हणजे मुलीचा मुलगा, ९ वर्षांचा, शाळा सुटली की आमच्याकडेच असतो. त्याला माइनक्राफ्टचं वेड. मला आधी वाटायचं मोबाईलमध्ये डोळे खराब करतोय, मग एक दिवस शेजारी बसून नीट बघितलं आणि माझं मत बदललं. त्या गेममध्ये अख्खं जग चौकोनी ठोकळ्यांचं आहे, झाड तोडलं की ओंडका मिळतो, एका ओंडक्याच्या चार फळ्या, चार फळ्यांचं एक टेबल आणि त्या टेबलावर मग पुढची हत्यारं बनवायची, हे सगळं मला त्यानेच शिकवलं. रात्री तो क्रीपर नावाचा हिरवा राक्षस येतो आणि घराची भिंत उडवतो, पोरगं तेवढ्यापुरतं हळहळतं आणि सकाळ झाली की तीच भिंत दुसऱ्या पद्धतीने बांधतं. स्वीडनच्या मोजांग कंपनीचा हा गेम २०११ ला पूर्ण रूपात आला, २०१४ ला मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि गेमच्या आजवर ३० कोटींच्या वर कॉपी खपल्यात. एवढं सगळं उभं आहे ते एका साध्या ठोकळ्यावर, कुठलाही ठोकळा काढा आणि कुठेही लावा.

आता किल्ल्याचं सांगतो. दिवाळीत आमच्या बिल्डिंगची पोरं किल्ला करायची, माती, दगड, गोणपाट, वर अळीव पेरायचे, सगळं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी कंपाऊंडला पेव्हर ब्लॉक टाकले आणि माती संपली. तर नातू म्हणाला, आजोबा ह्या वर्षी आपण गॅलरीत ठोकळ्यांचा सिंधुदुर्ग करू, गेमसारखा. आम्ही मूळचे मालवणचे, मे महिन्यात त्याला होडीने किल्ल्यावर घेऊन गेलो होतो, तिथला दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तट असा वळवून घेतलाय, ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याने गणिताच्या चौकटीच्या वहीत नकाशा काढला, एक चौकट म्हणजे एक ठोकळा, तट नागमोडी जातो तिथे एकेक चौकट बाजूला सरकवलेली, दरवाजा आत दडवलेला. मग मोजले. तटाला २१४, बुरुजांना ९०, दरवाज्याला ३६, म्हणजे ३४० ठोकळे. ९ वर्षांच्या पोराने कुणी न सांगता हा हिशोब केला, मला तर टूलरूममधला ड्रॉइंग बोर्ड आठवला.

म्हणून दादरला जाऊन त्या गेमच्या ठोकळ्यांचा सेट आणला. खोक्यावर गेममधलं गाव, घरं, टेहळणीचा मनोरा, डोंगर, आणि मोठ्या आकड्यात ४८६ तुकडे. किंमत ३,१५० रुपये. माझी पीएफची पेन्शन महिन्याला २,९०० येते त्यात थोडे घातले. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही, एवढंच सांगतो की डेन्मार्कच्या लेगो ह्या प्रसिद्ध कंपनीचा हा सेट नाही. ३४० लागणार आणि ४८६ आहेत, नातू ट्रेनमध्ये घाटकोपर येईपर्यंत उरलेल्या १४६ मध्ये काय काय करायचं ते सांगत होता.

रविवारी सकाळी पेपर अंथरून खोका उघडला. निम्मा खोका रिकामा. डोंगर म्हणजे एकच पोकळ टरफल, छप्पर दोन मोठ्या तुकड्यात, घराच्या भिंती म्हणजे अख्खे पत्रे आणि त्यावर दगडाचं चित्र असलेलं स्टिकर चिकटवायचं. नातवाने स्टीलच्या ताटल्या घेतल्या आणि तुकडे वेगळे केले. आठ बटणांचे ठोकळे ३८, चार बटणांचे ५२, बटण म्हणजे ठोकळ्याच्या वरचा गोल उंचवटा. बाकी सगळं बारीक चपट्या पट्ट्या, पानं, काठ्या, तलवारी, मशाली, चेहरे. ४८६ मध्ये बांधायला येतील असे ठोकळे फक्त ९०! पानसुद्धा एक तुकडा आणि ठोकळासुद्धा एक तुकडा, आकडा खरा आहे, खोटं काही लिहिलेलं नाही, पण ज्या पोराने वहीत मोजून सेट मागितला त्याला त्या आकड्याचा उपयोग काय? तो वही आणि ताटल्या आळीपाळीने बघत बसला.

तरी म्हटलं चला निदान खोक्यावरचं गाव तरी बांधू. पुस्तिकेत गडद चॉकलेटी आणि काळा रंग एकसारखाच छापलाय, ट्यूबलाइटखाली चश्मा लावूनही फरक कळेना. मनोरा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि उचलून बाजूला ठेवायला गेलो तर मधूनच सुटला. परत लावला, परत सुटला. काही ठोकळे एवढे ढिले की उलटे धरले की खाली पडतात आणि काही एवढे घट्ट की काढायला नातवाने दात लावले, मी ओरडलो त्याच्यावर. ओरडायला नको होतं.

दुपारी माझा जुना मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, काढला. २० ठोकळ्यांची बटणं मोजली आणि वहीत लिहिली. अशा ठोकळ्याचं बटण ४.८ मिमी व्यासाचं असतं आणि दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर ८ मिमी, डेन्मार्कच्या कंपनीने १९५८ च्या २८ जानेवारीला पेटंटचा अर्ज केला त्या ठोकळ्याचं हे माप, आतमध्ये पोकळ नळ्या असतात आणि वरचं बटण त्या नळी आणि भिंतीच्या मध्ये दाबून पकडलं जातं, बाकी ना स्क्रू ना गोंद. ते पेटंट केव्हाच संपलंय, आज कुणीही असे ठोकळे बनवू शकतं आणि बनवावेत, त्यात मला गैर काही वाटत नाही. पण पकड सगळी मापावर आहे. ह्या सेटमधली बटणं मला ४.७४ पासून ४.८६ पर्यंत मिळाली. म्हणजे ०.१२ मिमीचा फरक, झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढा म्हणा, आणि ठोकळ्याच्या कामात एवढा फरक म्हणजे माल सरळ रिजेक्ट.

हे का होतं ते पण सांगतो, कारण लोकांना वाटतं प्लॅस्टिकच आहे, ओतलं की झालं. ह्या कामाला एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा दाणा लागतो, तो हवेतलं पाणी ओढतो, मशीनला घालायच्या आधी साधारण ८० डिग्रीला दोन ते चार तास सुकवावा लागतो, मुंबईच्या पावसाळ्यात तर आम्ही ड्रायर बंदच करायचो नाही. गार होताना माल अर्धा टक्का वगैरे आकसतो, तो हिशोब डाय बनवतानाच धरलेला असतो. मग कुणी पैसे वाचवायला भंगाराचा दळलेला दाणा मिसळला किंवा मशीनची एक फेरी लवकर संपवायला माल गरम असतानाच बाहेर काढला की आकसणं बदलतं, प्रत्येक लॉटचं वेगळं होतं आणि मग ह्या लॉटचा ठोकळा त्या लॉटला बसत नाही. ह्या सेटच्या राखाडी ठोकळ्यात मला रेघा दिसल्या, कडेला पातळ फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा प्लॅस्टिक, आणि मनोऱ्याच्या कमानीचा एक तुकडा शॉर्ट, म्हणजे मटेरियल पूर्ण भरलंच नाही, अर्धी कमानच नाही. असा तुकडा पॅकिंगला जातो म्हणजे मशीनवरचं पोरगं रात्रपाळीला एकटं असणार आणि तपासायला कुणी नसणार, मला त्या पोराचा राग नाही येत.

खोक्यावर आयएसआय मार्क आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा झाला, ही फार चांगली गोष्ट झाली, त्याआधी बाजारात काय काय विकलं जायचं ते मी बघितलंय. पण तो मार्क सांगतो की खेळण्याला धारदार कड नाही, ते भसकन पेटणार नाही, रंगातून शिसं वगैरे पोराच्या पोटात जाणार नाही. मनोरा उभा राहील का हे तो सांगत नाही, ते बघायचं काम कंपनीचं आहे आणि कंपनीने ते केलेलं नाही.

दुकानात गेलो तर म्हणाले खोका फोडला की परत घेत नाही. खोक्यावर कस्टमर केअरचा ईमेल होता, मुलीने फोटो काढून पाठवले, नऊ दिवसांनी उत्तर आलं की सुटे तुकडे भारतात मिळत नाहीत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मग मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवलीय, नंबर मिळालाय, वाट बघतोय.

माझं मागणं दोन-तीन गोष्टींचं आहे. खोक्यावर नुसते एकूण तुकडे छापू नका, साधे ठोकळे किती ते वेगळं छापा, बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती साखर किती लिहितात ना तसं. ह्याच खोक्यातून चित्रातल्या गावाशिवाय आणखी काय बांधता येतं ते एका कोपऱ्यात दाखवा. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते एकमेकांना ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, गणितवाल्यांनी मोजलेला आकडा आहे हा, आणि ते पोकळ टरफल डोंगराशिवाय दुसरं काहीच होऊ शकत नाही. गेमचं नाव लावून विकता तर त्या गेममध्ये पोरांना जे मिळतं ते द्या. तुकडा कमी किंवा खराब निघाला तर तेवढा तुकडा मुंबईत बदलून मिळाला पाहिजे. आणि दुकानदारांना विनंती, एक सेट उघडून काउंटरवर ठेवा, गिऱ्हाईकाला दोन ठोकळे जोडून बघू द्या, चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो.

त्या रविवारी संध्याकाळी नातवाने सगळं परत खोक्यात भरलं, ताटल्या बेसिनमध्ये नेऊन ठेवल्या आणि मला म्हणाला, जाऊ दे आजोबा, आपण सिंधुदुर्ग गेममध्येच बांधू. बांधतोय तो, तट अर्ध्यावर आलाय, दरवाजा नकाशाप्रमाणे दडवलाय. पण मला त्याच्या हातात ठोकळा द्यायचा होता. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकांत कशा अडकवायच्या, सांधा वरच्या थरात का सरकवायचा, हे बोटांना कळतं, ते मला त्याला शिकवायचं होतं आणि एवढे पैसे मोजून ते झालं नाही.

अर्धी भरलेली ती कमान, २० ठोकळे आणि मापांचा कागद मी एका डब्यात घालून ठेवलाय. कंपनीच्या कुणाला बघायचं असेल तर त्यांनी भांडुपला यावं, सकाळी दहानंतर मी घरीच असतो, मायक्रोमीटरही इथेच आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टूलरूम कामगार
भांडुप पश्चिम, मुंबई