हा कार्बन कुणाचा?

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझे दोन प्रश्न राहूनच गेले, म्हणून लिहितोय.

पहिला सोपा. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, तो पृथ्वी काय तापवणार? कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि जमिनीतून वर जाणारी उष्णता हे दोघे जवळपास अडवतच नाहीत. ते काम बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशा मोजक्या वायूंचं. मग टक्केवारी एकूण हवेशी लावून काय उपयोग?

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. पण ही भर माणसाचीच कशावरून? ज्वालामुखीही धूर ओकतातच की!

कार्बनच्या अणूंवरच त्याचा माग निघतो. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार काही हजार वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो उरलेलाच नाही. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण या जुन्या कार्बनमुळे पातळ होत असल्याचं १९५० च्या दशकात हान्स झ्यूस या रसायनशास्त्रज्ञांना झाडांच्या वाढवलयांत दिसलं. म्हणजे भर कुजणाऱ्या जंगलांची नाही. त्यांच्यात कार्बन-१४ असतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर तुझी शंका टिकली असती, कारण ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. (इथे भले भले वाद घालणारे अडकतात.) तिथे कार्बन-१३ उपयोगी पडतो. वनस्पती हा जड कार्बन जरा कमी घेतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या इंधनातही तो कमीच. ज्वालामुखीच्या वायूत तशी तूट नसते. हवेतलं त्याचं प्रमाण मात्र घटत चाललंय. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी होतोय. इंधन जळताना तो खर्च होतो, ज्वालामुखीच्या वायूला तो लागत नाही. हे मोजून दाखवलं राल्फ कीलिंग यांनी, त्याच चार्ल्स यांच्या मुलाने.

मला स्वतःला वेगळीच काळजी आहे. आपण सोडतो त्यातला साधारण निम्माच वायू हवेत राहतो. उरलेला समुद्र आणि झाडं-माती पोटात घेतात. तापत्या पाण्यात वायू कमी विरघळतो. पुढच्या फोनला यावर विचार.

तुझा,
बाबा