आधी हाताला विचार

चि. स्वराली हिस,
अनेक आशीर्वाद.

दहा मीटर नेमबाजीसाठी तुला एअर पिस्तूल घ्यायचं आहे. काल फोनवर तू मोरिनी कंपनीचाच हट्ट धरलास, कारण रेंजवर शेजारच्या लेनमधल्या मुलीकडे तेच पिस्तूल आहे. पैशांची काळजी करू नकोस, पतपेढीतली ठेव त्यासाठीच राखून ठेवली आहे. पण मोरिनी असो, स्टायर असो की वॉल्थर, घेण्याआधी तुझ्या हाताला विचार.

गेल्या महिन्यात बालेवाडीला तू क्लबचं पिस्तूल उचललंस, तेव्हा मी मागे बसून तुझा हातच बघत होतो. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, एम साइजची. खालची तळहाताची पट्टी तुझ्या हाताला टेकतच नव्हती, करंगळीखाली बोटभर फट. ती उणीव तू मनगट आवळून भरून काढत होतीस. स्पर्धेत साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं, जवळपास किलोभर वजन एका हातात. आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं, तर ११.५ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं! तीस वर्षं रंधा चालवतोय मी. मूठ हातात बसली नाही की लाकूड बिघडतं, हे मला रोज दिसतं.

म्हणून दुकानात एस साइजची ग्रिपही मागून घे. नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण, आहे ना, ते आधी बघ. मग मोकळ्या भिंतीसमोर उभी राहा, डोळे मिट, हात नेहमीसारखा वर घे आणि डोळे उघड. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, मागच्या खाचेत मधोमध आली पाहिजे. दहादा करून बघ. दरवेळी ती एकाच बाजूला सरकत असेल, तर ग्रिपचा कोन तुझ्या मनगटाचा नाही. थोडाफार फरक ग्रिप फिरवून निघतो. त्याहून जास्त असेल तर ते पिस्तूल खाली ठेव, कितीही आवडलं असलं तरी.

ट्रिगर फार हलका मागू नकोस. स्पर्धेत ट्रिगरने पाचशे ग्रॅमचं वजन उचलून दाखवावं लागतं, त्याखाली चालत नाही.

जुनं मिळत असेल तर माझी हरकत नाही, पण हवेच्या सिलिंडरवरची तारीख स्वतः वाच. दहा वर्षं उलटली की स्पर्धेत तो चालत नाही. मागच्या वर्षी मी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबलो आणि तुला तपासणीच्या टेबलावरून परत यावं लागलं. तुझा तो चेहरा मी विसरलेलो नाही. सुटे भाग कुठून येतात, दुरुस्ती इथे कोण करतं, हेही विचार. टोकियो ऑलिम्पिकला ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर तुटला होता, आणि पॅरिसला २०२४ मध्ये तिनेच दहा मीटरचं कांस्य आणलं.

पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा विचार सध्या नको. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला त्यातच सुवर्ण मिळवलं, ते तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. पण त्या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागतो. एअर पिस्तुलाला लागत नाही, तरी घरी आणलंस की कुलपातच ठेवायचं. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींनाही हात लावू द्यायचा नाही.

ग्रिप नवी आली तरी ती तुझ्या हातासाठी घडवलेली नसते. अंगठ्याच्या मुळाशी कुठे टोचतं, कुठे फट राहते, तिथे पेन्सिलने खुणा करून ठेव. स्वतः घासायला जाऊ नकोस, एकदा निघालेलं लाकूड परत बसत नाही. पुढच्या रविवारी मी येतो. बारीक कानस आणि पॉलिश पेपर बरोबर आणतो.

तुझे,
बाबा