मासुंद्याला कुणी हिरॉइनचं नाव दिलं तर?

माननीय केंद्रीय पर्यटन व संस्कृती मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. गेल्या ऑक्टोबरात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली अठरा मंडळी अरुणाचल प्रदेशातल्या तवांगला जाऊन आलो. सहलीच्या पत्रकात चौथ्या दिवसापुढे छापलं होतं : ‘बुमला पास, माधुरी लेक’.

तळ्यावर पोचलो आणि आमच्या मंडळींना कोण आनंद! आपली माधुरी, तीही थेट चीनच्या हद्दीजवळ. एका काकूंनी त्या बोचऱ्या वाऱ्यात गिरकीसुद्धा घेतली. फोटो मीही काढले, खोटं कशाला बोलू? परतताना गाडी चालवणाऱ्या मोनपा (तवांगच्या स्थानिक जमातीतल्या) मुलाला सहज विचारलं, ‘याचं मूळ नाव काय रे?’ ‘संगेत्सर त्सो,’ तो म्हणाला, आणि मला नीट म्हणता येईपर्यंत दोनदा परत म्हणाला. त्सो म्हणजे तळं. नव्वदच्या दशकात तिथे एका हिंदी चित्रपटाचं शूटिंग झालं, नायिका माधुरी दीक्षित. तेव्हापासून हे दुसरं नाव चिकटलं ते चिकटलंच.

साहेब, ठाणं हे तळ्यांचं गाव. उद्या आमच्या मासुंदा तलावाला कुणी एखाद्या हिरॉइनचं नाव दिलं तर तलावपाळीवर संध्याकाळच्या आत मोर्चा निघेल. पोर्तुगीजांच्या जिभेवर आमच्या साष्टी बेटाचं साल्सेट झालं, ते आम्ही मुलांना अजून सांगतो. मग संगेत्सरचं काय?

हा चहाच्या टपरीवरचा वाद म्हणून सोडून दिला असता. पण चीन अरुणाचलला ‘जांगनान’, म्हणजे दक्षिण तिबेट, म्हणतो आणि तिथल्या जागांना स्वतःची नावं देत सुटलाय : २०१७ मध्ये ६, २०२१ मध्ये १५, २०२३ मध्ये ११, २०२४ मध्ये ३०, २०२५ मध्ये २७. दर वेळी आपलं सरकार ठणकावतं, की मनाने रचलेल्या नावांनी वस्तुस्थिती बदलत नाही. बरोबर आहे. फक्त तेच वाक्य आपल्यालाही लागू पडतं.

आमच्या अठराजणांत तवांग म्हणजे १९६२ चं चीन युद्ध, एवढंच ठाऊक. (आमच्याकडे सीमाप्रश्न म्हटलं की बेळगाव-निपाणीच आठवतं, तोही भाग आहे.) त्या युद्धातल्या जवानाच्या स्मारकावर, जसवंतगडावर, सगळ्यांचे डोळे पाणावले, ते योग्यच. पण या जिल्ह्याची गोष्ट पराभवापासून सुरू होत नाही. तवांगचा मठ १६८०-८१ चा, मेराक लामांनी उभारलेला. सहावे दलाई लामा १६८३ मध्ये तवांगजवळच, उर्गेलिंगला जन्मले. चीन याच धाग्याला धरून दावा सांगतो, म्हणून आपण तो लपवायचा का? उलट, एक दलाई लामा मोनपांच्या मुलखात जन्मतो, याचा मोनपांना अभिमानच आहे.

१९१४ मध्ये सिमला परिषदेच्या काळात ब्रिटिश भारताचे प्रतिनिधी मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोन्चेन शात्रा यांनी सीमारेषा ठरवली. चीनने ती कधीच मानली नाही. इंग्रजांनीही रेघ ओढली आणि पुढे वीसेक वर्षं फायलीत ठेवून दिली. १९३८ मध्ये त्यांचे अधिकारी कॅप्टन लाइटफूट तवांगला जाऊन आले, पण त्यातून पुढे काही घडलं नाही. रेषेच्या अलीकडे असूनही तवांगचे लोक रेषेपलीकडच्या त्सोना गावच्या तिबेटी अधिकाऱ्यांना कर भरतच राहिले, थेट १९५१ पर्यंत.

त्या वर्षी फेब्रुवारीत मेजर रालेंगनाओ खाथिंग आसाम रायफल्सचे सुमारे दोनशे जवान घेऊन डोंगर चढून तवांगला आले. मणिपूरचे तांगखुल नागा, दुसऱ्या महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळवलेला माणूस. एकही गोळी न झाडता त्यांनी तिथे भारताचा कारभार सुरू केला. त्सोनाला कर देणं थांबलं, ल्हासाने निषेध नोंदवला, दिल्लीने तो मानला नाही. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी हे नाव वर्गात एकदाही घेतलं नाही. तो दोष माझाच. २०२४ मध्ये तवांगला त्यांच्या नावाचं संग्रहालय झालं. आमच्या पत्रकात तेही नव्हतं, तळं मात्र होतं.

आणि १९५९ च्या मार्चअखेरीला चौदावे दलाई लामा भारतात आले तेही याच वाटेने, सीमेवरच्या खेन्झिमानेवरून.

मागणी साधी आहे. आपल्या खात्याच्या पत्रकांत, नकाशांत, संकेतस्थळावर संगेत्सर त्सो हे नाव आधी यावं. माधुरीचं हवं तर खाली बारीक अक्षरात असू द्या, आम्हालाही ती आवडते. आणि तवांगच्या प्रत्येक सरकारी पत्रकात १९६२ च्या शेजारी १९५१ लिहा, त्सोनाच्या करासकट. मोनपा मुलांकडूनच मजकूर लिहून घ्या.

एप्रिलमध्ये आमच्या संघाची दुसरी तुकडी निघतेय. पत्रकाची प्रत तपासायला माझ्याकडे आली, त्यात चौथ्या दिवशी पुन्हा ‘माधुरी लेक’. मी पेनाने खोडून नाव लिहिलंय, खाली संग्रहालयही जोडलंय. छापखान्यातला बदल तुमच्याकडून यावा.

आपला,
ठाण्यातला एक निवृत्त शिक्षक