अ‍ॅम्हर्स्टचा प्रवेश आणि वॉशिंग्टनची एक शाळा

महोदय,

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. या निकालाचे समर्थन करताना ‘आता पूर्वीसारखी केवळ गुणवत्तेवर निवड होईल’ असे म्हटले जाते. त्यातील ‘पूर्वीसारखी’ या शब्दाला माझी हरकत आहे.

पूर्वी काय होते? १८२१ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅम्हर्स्टमधून एडवर्ड जोन्स हा कृष्णवर्णीय तरुण १८२६ मध्येच पदवीधर झाला आणि पुढे सिएरा लिओनमधील फुरा बे कॉलेजचा प्राचार्य झाला. पण त्यानंतरच्या शतकभरात बहुतेक वर्गांत एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नसे, असलाच तर एखाददुसरा. मुलींच्या नामवंत कॉलेजांपैकी व्हासारने तर १९४० पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना उघडपणे प्रवेशच दिला नाही. तेथे १८९७ मध्ये पदवी मिळवणाऱ्या अनिता हेमिंग्ज यांना आपला वंश लपवून शिकावे लागले आणि खोलीतील मैत्रिणीच्या वडिलांनी खासगी गुप्तहेर लावून तो उघडकीस आणला. त्यांच्या बुद्धीविषयी कोणाला शंका नव्हती.

तरीही जे मोजके विद्यार्थी या कॉलेजांत पोहोचले ते कसे पोहोचले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ओहायोतील ओबर्लिनने १८३५ मध्येच कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचा निर्णय घेतला होता. तेथून १८६२ मध्ये पदवी घेतलेल्या मेरी जेन पॅटरसन पुढे वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी हायस्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. हीच शाळा नंतर एम स्ट्रीट हायस्कूल आणि १९१६ पासून डनबार हायस्कूल म्हणून ओळखली गेली. उत्तम पदव्या असूनही श्वेतवर्णीयांच्या विद्यापीठांत ज्यांना नोकरी मिळत नसे, असे अनेक जण तेथे शिकवत. अ‍ॅम्हर्स्टचे १८९२ चे पदवीधर विल्यम जॅक्सन तेथे गणित शिकवत आणि पुढे मुख्याध्यापकही झाले. अ‍ॅम्हर्स्टमध्ये काय लागते, हे त्या शाळेला ठाऊक होते आणि त्या शाळेतून येणारा मुलगा कसा असतो, हे अ‍ॅम्हर्स्टलाही कळत गेले.

या एकाच शाळेतून चार्ल्स ह्यूस्टन अ‍ॅम्हर्स्टला आले. १९१५ मध्ये पदवीधर झालेल्या वर्गात ते एकटेच कृष्णवर्णीय होते. शाळांतील वर्णविभाजनाविरुद्धच्या न्यायालयीन लढाईची आखणी पुढे त्यांनीच केली. मात्र हे विभाजन घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल पाहायला ते हयात नव्हते. १९२५ मध्ये विल्यम हेस्टी वर्गात पहिले आले आणि १९३७ मध्ये अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश झाले. त्यांच्यामागून १९२६ मध्ये पदवीधर झालेल्या चार्ल्स ड्र्यू यांनी रक्तद्रव साठवण्याचे शास्त्र उभे केले आणि रक्ताची वर्णावरून विभागणी करण्याला विरोध केला. इतर शहरांत अशी मुले नव्हती, असे कोण म्हणेल? तेथे अशी शाळा नव्हती आणि कॉलेजांनीही तिकडे पाहिले नाही.

ही त्रुटी अखेर विद्यार्थ्यांनीच दाखवून दिली. जानेवारी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला, तो प्रवेश कार्यालयातच. अधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी घ्या, ही त्यांची मुख्य मागणी होती. आठवडाभराने कॉलेजचे अध्यक्ष कोर्टनी स्मिथ यांचे हृदयविकाराने अचानक निधन झाले आणि विद्यार्थ्यांनी कार्यालय सोडले. त्या दुःखाच्या छायेत मूळ मागणीची रास्तता झाकली गेली, हे मला आजही खटकते.

न्यायालयाने निवडीत वंशाचा विचार नाकारला असला, तरी दूरच्या शाळांत जाण्यास, तेथील शिक्षकांशी नाते जोडण्यास कोणत्याही कॉलेजला मनाई केलेली नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप अ‍ॅम्हर्स्टने २०२१ मध्ये स्वतःहून बंद केले. म्हणजे ठरवले तर बदल करता येतो. यापुढे प्रवेशाची टक्केवारी छापताना, कॉलेजचे अधिकारी वर्षभरात कोणकोणत्या शाळांत गेले आणि तेथून किती अर्ज आले, याचीही माहिती आपण मिळवून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक