मऊ ब्रेक पेडलाचे आधी निदान, मग दुरुस्ती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटारीच्या देखभालीविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या मजकुरात टायर, बॅटरी आणि इंजिन ऑइल यांना पुष्कळ जागा मिळते. ब्रेकविषयी मात्र ‘वेळोवेळी तपासून घ्या’ एवढ्यावरच भागवले जाते. ब्रेकचे पेडल मऊ लागते, पाय नेहमीपेक्षा खोल जातो, अशी तक्रार घेऊन गेलेल्या गाडीमालकाला अनेकदा ब्रेक ऑइल भरून किंवा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून परत पाठवले जाते. ही कामे कधी योग्यच असतात, पण कारण न शोधता केली तर दोष तसाच राहतो आणि गाडी दुरुस्त झाली या समजुतीने माणूस ती रस्त्यावर काढतो. मला यातला धोका फार मोठा वाटतो, म्हणून हे पत्र.

पेडलाचा मऊपणा एकाच प्रकारचा नसतो आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे गाडी सपाट जागी उभी करून कोणालाही बरेचसे ओळखता येते. पेडल भराभर दोन-तीन वेळा दाबल्यावर ते वर येऊन घट्ट होत असेल, तर नळ्यांमध्ये हवा शिरली असण्याची किंवा मागच्या चाकांच्या ड्रममधले (ब्रेक लावल्यावर ड्रमला आतून घासणारे) शू झिजून ड्रमपासून लांब गेले असण्याची शक्यता असते. ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे हवा असेल तर पायाखाली स्पंजासारखे लागते. शू लांब गेले असतील तर पेडल खोल जाते, पण जिथे लागते तिथे घट्ट लागते. ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या शूंवरच चालतो, त्यांत तो ओढून पेडल दाबून पाहावे. पेडल एकदम वर लागले, तर अ‍ॅडजस्टमेंट मागच्या शूंची हवी. हवा काढत बसण्यात अर्थ नाही.

सर्वांत फसवा प्रकार वेगळाच आहे. पेडलावर एकसारखा दाब धरून ठेवला आणि ते हळूहळू खाली सरकत गेले, तर ऑइल कुठेतरी वाट काढत आहे. गळती बाहेर असेल तर ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरते, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते, ड्रममध्ये शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलले की आत ऑइल सापडते. पण मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरची, आतली रबरी सील झिजली असेल, तर ऑइल सिलिंडरच्या आतल्या आत मागे फिरते; पातळी उतरत नाही, जमिनीवर थेंबही पडत नाही आणि सगळे ठीक असल्याचा निर्वाळा दिला जातो. कधी मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ऑइल थेट बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात) उतरते आणि तेही बाहेरून दिसत नाही. अशा वेळी कुशल मेकॅनिक चाकांकडे जाणारे रबरी होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने बंद करून पाहतो. पेडल घट्ट झाले, तर मास्टर सिलिंडर बरा आहे. मग एकेक क्लॅम्प सोडत गेल्यावर ज्या चाकाशी पेडल पुन्हा मऊ होते, तिथे दोष शोधायचा. होज जुने, भेगाळलेले असतील तर मात्र ही चाचणी करू नये, ते आधी बदलावेत.

इंजिन सुरू करताच दाबून धरलेले पेडल किंचित खाली जाते ते बूस्टर काम करत असल्याचे लक्षण आहे, दोष नव्हे. बूस्टर निकामी झाला तर पेडल मऊ होत नाही, कडक होते.

एरवी चांगले असलेले पेडल लांब उतारावर मऊ पडत असेल, तर ब्रेक ऑइलचे वय विचारावे. डॉट ३, डॉट ४ या दर्जांची ब्रेक ऑइले हवेतला ओलावा शोषतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंतही उतरलेला चालतो. तापलेल्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) अशा ऑइलची वाफ झाली की हवा शिरल्यासारखाच परिणाम होतो आणि गाडी थांबून थंड झाली की पेडल पूर्ववत होते, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. यावर उपाय एकच, जुने ऑइल पूर्ण काढून सीलबंद बाटलीतले नवे भरणे. सिलिकोनचे डॉट ५ मात्र यांत कधीही मिसळू नये.

टॉपअपबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी सावकाश उतरते, म्हणून उतरलेली पातळी ही एक माहिती असते. पॅड आणि गळती न पाहता ऑइल ओतणारा माणूस ती माहितीच पुसून टाकतो.

हवा काढतानाही घाई नडते. दोन्ही बाजूंचे कॅलिपर अदलाबदल होऊन बसले तर ब्लीडिंगची, म्हणजे हवा काढण्याची, निपल खाली येते आणि वर अडकलेली हवा कितीही ब्लीडिंग केले तरी निघत नाही. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवावे, कारण सर्व गाड्यांचा क्रम एक नाही. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबले तर सील सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर घासून फाटू शकते. एबीएसच्या (चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली असेल, तर काही गाड्यांत ती स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही.

ब्रेकचे काम झाल्यावर बिलावर नुसते ‘ब्रेक काम’ न लिहिता कोणता भाग सदोष निघाला, तो कोणत्या चाचणीने ठरला आणि कोणते ऑइल भरले हे गॅरेजने लिहून द्यावे आणि मालकाने ते मागून घ्यावे. कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नये, ओढून न्यावी. आपल्या वाहनविषयक पानावर एखाद्या जाणकार मेकॅनिककडून या चाचण्या चित्रांसह समजावून देणारा लेख लिहून घ्यावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक